कमी पाण्यावर चर्चचे आवार : हिरवळीऐवजी देशी झाडे

(अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावी, चर्चच्या आवारात मे महिन्यात भरलेल्या शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी उपशीर्षके घातली आहेत.)



मला येथे कशासाठी बोलावले, ते आधी सांगतो. आपल्या चर्चचे आवार साधारण एक एकराचे आहे. मध्ये जुनी दगडी इमारत, मागे कबरस्तान, पुढे मोकळी जागा. कमिटीने या जागेचे सुशोभीकरण करण्याचे ठरवले आहे. पुढच्या पाच गुंठ्यांत विकतचे गवत आणून हिरवळ करावी, फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना 'ख्रिसमस ट्री' लावावेत, असा बेत आहे. हा बेत माझ्यापुढे ठेवून कमिटीने सांगितले, की तुम्ही विद्यापीठाचे आहात, तुमचे मत द्या.

मत देण्यापूर्वी मी सकाळी आवारात एक फेरी मारली. फाटकाबाहेर पाण्याचा टँकर उभा होता आणि घागरींची रांग मारुतीच्या पारापर्यंत गेली होती. त्या रांगेतल्या काही भगिनी आता येथे बसल्या आहेत. म्हणून आज झाडांच्या नावांपासून सुरुवात न करता पाण्याच्या हिशेबापासून सुरुवात करतो. शेतकऱ्याला हिशेब समजावून सांगावा लागत नाही, फक्त मांडावा लागतो.

हिरवळीचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पडले, तर ते एक लिटर होते. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले, की पुढचे सगळे गणित तोंडी करता येते.

एप्रिल-मे महिन्यात आपल्या अवर्षणप्रवण भागात उघड्या भांड्यातून दिवसाला १० मि.मी. किंवा त्याहूनही अधिक पाणी उडून जाते. हिरवळ हिरवी ठेवायची, तर तिला याच्या निम्मे तरी, म्हणजे रोज ५ मि.मी. पाणी द्यावे लागेल. पाच गुंठे म्हणजे साधारण ५०० चौरस मीटर. ५०० गुणिले ५ म्हणजे रोज २,५०० लिटर पाणी झाले. दहा हजार लिटरचा टँकर चार दिवसांत संपला. फेब्रुवारी ते मे हे चार महिने धरले, तर ३ लाख लिटर, म्हणजे असे ३० टँकर लागतील.

आता हेच दुसऱ्या बाजूने पाहू. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. त्यात ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यावे, असे प्रमाण धरले आहे. म्हणजे हिरवळीला जे २,५०० लिटर रोज लागतील, ते सरकारी मापाने ४५ माणसांचे पाणी झाले. आवाराला बोअर आहे, आपण टँकर घेणार नाही, असे कमिटीचे म्हणणे आहे. पण बोअरचे पाणी आणि शेजारच्या विहिरीचे पाणी हे एकाच खडकातले पाणी आहे. ते कोणाच्या कुंपणाने अडत नाही.

ख्रिसमस ट्री म्हणून आपल्याकडे जे झाड विकले जाते, ते बहुधा आरोकेरिया असते. ते मूळचे दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवरचे, समुद्राच्या दमट हवेत वाढणारे झाड आहे. आपल्या मुरमाड जमिनीत आणि मे महिन्याच्या झळांत ते जगवायचे, तर कायम पाणी आणि सावली देत बसावे लागते. एवढे करूनही त्याच्या खाली माणसाला बसण्यापुरती सावली मिळत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. परदेशी झाड म्हणजे वाईट झाड, असे माझे म्हणणे नाही. आपण जिला आपली म्हणतो ती चिंच मूळची आफ्रिकेतली आहे. कबरस्तानातला पांढरा चाफा अमेरिकेतून आला आहे. ही झाडे येथे रुजली आहेत आणि पाण्यासाठी अडून बसत नाहीत. जी उभी आहेत, त्यांना हात लावू नका. प्रश्न फक्त नवीन काय लावायचे, याचा आहे.

पाणी कोठे खर्च करावे

माझे आजचे सांगणे एका वाक्यात असे आहे. देशी झाड पहिली तीन वर्षे पाणी मागते आणि मग आपली सोय आपण पाहते. हिरवळ मात्र दर उन्हाळ्यात पाणी मागत राहते. तेव्हा आपल्याजवळचे थोडे पाणी झाडाच्या लहानपणावर खर्च करावे.

कमिटीपुढे मी हा पर्याय ठेवतो. एक एकराच्या आवारात १८ मोठी झाडे, १२ मध्यम झाडे आणि ३० झुडपे, अशी एकूण ६० रोपे लावा. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला आठवड्याला १५ लिटर पाणी पुरते. ते दोन हप्त्यांत, म्हणजे रविवारी आणि बुधवारी द्यावे. ६० रोपांना आठवड्याला ९०० लिटर झाले. हिरवळ जो टँकर चार दिवसांत संपवते, तो या साठ रोपांना ११ आठवडे पुरतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, पण भरपूर पाणी द्यावे. तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी द्यावे. त्यानंतर बंद करावे. रोज थोडे थोडे पाणी देण्याची सवय मोडा. रोजच्या शिंपण्याने मुळ्या वरच्या चार बोटांतच फिरत राहतात आणि पाणी चुकले की रोप कोमेजते. अंतराने खोल पाणी दिले, की ओलाव्यामागे मुळी खाली जाते. कपाशीला आणि डाळिंबाला आपण हेच पाहतो.

छपरावरचे पाणी

हे पाणी आणायचे कोठून? ते वरून येते आणि आज ते रस्त्यावर वाहून जाते. जिल्ह्यात सरासरी ५०० ते ६०० मि.मी. पाऊस पडतो. आपण ५०० च धरू. चर्चच्या छपराखालची जागा साधारण २०० चौरस मीटर आहे. २०० गुणिले ५०० म्हणजे एक लाख लिटर. यातला पाचवा हिस्सा उडून, सांडून जाईल असे मानले, तरी ८० हजार लिटर पाणी हाती येते. म्हणजे आठ टँकर पाणी दरवर्षी या छपरावर पडते आणि निघून जाते. दुष्काळी सालात ते निम्म्यावर येईल, तरी चार टँकर कोठे गेले नाहीत.

दोन्ही बाजूंना पन्हळ बसवा. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते बाहेर सोडून द्या. नंतरचे पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून हौदात घ्या. हौद ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल केला, तर त्यात २४ हजार लिटर पाणी मावते. जानेवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत २४ आठवडे होतात. आठवड्याला ९०० लिटरप्रमाणे २१,६०० लिटर लागतील. म्हणजे एकदा भरलेल्या हौदावर साठ रोपांचा पहिला उन्हाळा निघतो. हौद वरून पूर्ण झाकलेला असावा. नाही तर पाणी उडून जाते आणि डास होतात. शिवाय तेथे मुले खेळतात, हेही विसरू नये. हे पाणी झाडांसाठीच ठेवावे, पिण्यासाठी वापरू नये.

हौद भरल्यावर जादा होणारे पाणी गाळूनच बोअरच्या भरणखड्ड्यात सोडावे. अंगणातून वाहणारे गढूळ पाणी मात्र बोअरमध्ये कधीही सोडू नका. ते अडवण्यासाठी उताराला आडवे, ६० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल असे चर काढा व चराच्या खालच्या अंगाला झाडे लावा. चर आणि शोषखड्डे इमारतीच्या पायापासून निदान पाच मीटर लांब असावेत. जुन्या दगडी भिंतीचा पाया ओला राहिला, तर झाडे जगतील आणि चर्च खचेल.

या जिल्ह्याला हे काम नवे नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार आपल्याच मातीत आहेत. हिवरे बाजारने शेतीसाठी खोल बोअर घ्यायचे नाहीत आणि ऊस-केळी लावायची नाही, असे गावाने बसून ठरवले, म्हणून अडवलेले पाणी टिकले. पाणलोटाचे काम गावोगाव नेणारे फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू होते. त्यांच्या पुढाकाराने १९९३ साली याच जिल्ह्यात वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन झाला. डोंगरमाथ्यावरचे पाणी माथ्यावर अडवा, ही त्या कामाची रीत होती. आपल्या चर्चचा माथा म्हणजे हे छप्पर, असे समजा.

कोठे कोणते झाड लावावे

आता झाडांकडे येऊ. लावण्यापूर्वी आवारात तीन-चार ठिकाणी हात-दीड हात खड्डा खणून पाहा. आपल्याकडे एकाच आवारात एका कोपऱ्यात मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात काळी माती निघते. मुरमाड जागेत अंजन, हिवर, आपटा, बोर आणि तरवड लावावेत. बरी खोली असेल तेथे कडुनिंब आणि करंज घ्यावेत. पावसात पाणी साचणाऱ्या चिबड जागेत पळस तग धरतो.

पश्चिमेची बाजू : दुपारनंतरचे ऊन याच भिंतीवर येते. भिंतीपासून सात-आठ मीटरवर कडुनिंब आणि करंज यांची रांग लावा. दोन झाडांत सात-आठ मीटर अंतर ठेवा. करंजाची सावली दाट असते आणि उन्हाळ्यात ज्या वेळी ती हवी, त्याच वेळी त्याला नवी पालवी येते. सभेला आणि लग्नकार्याला दरवर्षी मांडव घालायचा खर्च काही वर्षांनी वाचेल.

वड, पिंपळ, उंबर : ही झाडे इमारत, हौद आणि विहिरीजवळ लावू नयेत. त्यांच्या मुळ्या दगडाचा सांधा शोधून काढतात. एकच वड आवाराच्या दूरच्या कोपऱ्यात लावा आणि पुढे त्याला पार बांधा. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप मात्र लहान असतानाच काढा.

फाटकापासून दारापर्यंत : येथे बहावा, पळस आणि देवकांचन लावावेत. यांच्या फुलांच्या वेळा आपल्या सणांशी जुळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, उपवासकाळात, पळस फुलतो. ईस्टरच्या सुमारास आणि पुढे मे महिन्यात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. दिवाळीपासून नाताळाच्या तोंडापर्यंत देवकांचनाला फुले असतात. बाहेरून फुले विकत आणण्याऐवजी आवारातलीच फुले वेदीवर ठेवता येतील. नाताळात चांदण्या आणि दिवे लावायला आरोकेरियाच पाहिजे असे नाही. एखादे बोराचे किंवा कडुनिंबाचे डेरेदार झाड सजवा. ते दरवर्षी मोठे होईल आणि त्याची किंमत द्यावी लागणार नाही.

शिंदी : शिंदीचे नाव काढताच काहीजण हसले. ज्यासाठी हसलात, त्यासाठी ती सांगत नाही. झावळ्यांच्या रविवारी लागणाऱ्या झावळ्या तुम्ही दरवर्षी ओढ्याकाठाहून तोडून आणता. चार शिंद्या चराच्या कडेला लावा. खालच्या पानांच्या झावळ्या तेवढ्या काढाव्यात, शेंड्याला हात लावू नये. देठाला काटे असतात, ते छाटूनच मुलांच्या हातात द्यावेत.

कुंपण : तारेचे कुंपण चोरीला जाते आणि गंजते. सागरगोटा, चिल्हार आणि करवंद यांचे जिवंत कुंपण करा. आतल्या बाजूने निर्गुडी, अडुळसा आणि तरवड लावा. ही झुडपे शेळ्या सहसा खात नाहीत. कुंपण उभे राहीपर्यंत दोन वर्षे काटेरी फांद्यांचा फास घालावा.

कबरस्तान : कबरींच्या मध्ये मोठी झाडे लावू नयेत, मुळ्यांनी दगड उचलले जातात आणि पुढे खोदाईला अडचण होते. मोठी झाडे हद्दीवर लावावीत. कबरींच्या मधल्या जागेत कोरांटी लावावी. तिला हिवाळ्यात फुले येतात आणि पाणी जवळजवळ लागत नाही.

हिरवळीच्या जागी काय?

पुढची जागा उघडी दिसेल, धूळ उडेल, ही कमिटीची अडचण खरी आहे. बसण्या-उठण्याच्या निम्म्या जागेत मुरूम दाबून घ्या किंवा मध्ये फटी ठेवून फरशी बसवा, म्हणजे पावसाचे पाणी खाली जिरेल. उरलेल्या जागेत मारवेल आणि पवना ही आपली गवते पहिल्या पावसावर लावा. पावसाळ्यात गुडघाभर गवत होईल. बी पडल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापून घ्या. चाऱ्याचा लिलाव केला, तर कमिटीला चार पैसे मिळतील. कापणी लांबवू नये. वाळलेले गवत उभे राहिले, तर उन्हाळ्यात आगीचा धोका असतो.

फेब्रुवारीपासून हे गवत पिवळे दिसेल. पाहुणे काय म्हणतील, असा विचार मनात येईल. आपली माळराने उन्हाळ्यात पिवळीच असतात आणि पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत हिरवी होतात. पिवळे पडलेले गवत मेलेले नसते. त्याच्या मुळ्या जमिनीत जिवंत असतात.

लागवड कशी करावी

आज मे महिना आहे. खड्ड्यांचे काम याच पंधरवड्यात सुरू करा.

१. मोठ्या झाडांसाठी ६० × ६० × ६० सें.मी. आणि झुडपांसाठी ३० × ३० × ३० सें.मी. आकाराचे खड्डे घ्या. वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. खड्डे ऊन खाऊ द्या.

२. भरताना वरची माती आणि दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत वापरा. कच्चे शेणखत घातल्यास वाळवी लागते.

३. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर, जमीन हातभर ओली झाल्याची खात्री करून रोपे लावा. पहिल्याच सरीवर घाई करू नका. आपल्याकडे जूननंतर पावसाचा खंड पडतो, हे पेरणी करणाऱ्याला सांगायला नको.

४. रोप एक-दोन वर्षांचे, जाड बुंध्याचे असावे. सामाजिक वनीकरणाच्या किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्यावे. पिशवी फाडून काढा आणि तळाशी गुंडाळलेल्या मुळ्या छाटून टाका. पळस आणि अंजन यांची सोटमुळी लवकर खोल जाते. त्यांचे बी जागेवरच टोकणे अधिक चांगले.

५. उताराच्या खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती आळे करा, म्हणजे वरून येणारे पाणी रोपापाशी थांबेल.

६. पावसाळा संपता संपता आळ्यात पालापाचोळा, पाचट किंवा भुसकट यांचे ८-१० सें.मी. जाडीचे आच्छादन घाला. बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी ठेवा.

७. प्रत्येक मोठ्या रोपाशेजारी आठ-दहा लिटरचा एक मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरा. तळाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती वात घाला आणि तोंड झाका. पाणी थेट मुळाशी झिरपते आणि उन्हाने उडत नाही. रविवारी आणि बुधवारी फक्त माठ भरायचा.

पडलेली पाने जाळू नका. आवाराच्या मागे खड्डा करून त्यात टाका. सहा-आठ महिन्यांत त्याचेच खत होते.

माझी एक चूक

आता माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका शाळेच्या आवारात जुलै महिन्यात शंभर रोपे लावून दिली. सर्व देशी, सर्व निवडून आणलेली. पाहुणे आले, फोटो काढले, चहा झाला. पुढच्या जूनमध्ये त्या वाटेने जाताना सहज आत गेलो. जिवंत रोपे मोजली तर ती नऊ भरली. ती नऊही एका रांगेत होती. जवळ जाऊन पाहिले, तर मुले ज्या नळावर ताटे धूत, त्याचे सांडपाणी त्या रांगेवरून वाहत होते. उरलेल्या एक्याण्णव रोपांना पाणी कोणी घालायचे, हे आम्ही कोणालाच नेमून दिले नव्हते. देशी झाड आहे, जगेल आपले आपण, असे मी मानले होते. देशी झाडसुद्धा पहिल्या उन्हाळ्यात पोरके सोडले तर मरते.

म्हणून आज लावणीआधी पाणी घालणाऱ्यांची यादी करा, असा माझा आग्रह आहे. मंडळीत साठ कुटुंबे असतील, तर प्रत्येक कुटुंबाला एक रोप द्या. तीस असतील, तर दोन द्या. रोपाजवळ घराचे नाव लिहिलेली पाटी लावा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हौदाचे पाणी राखून ठेवायचे आहे. त्या दोन महिन्यांत रविवारी प्रार्थनेला येताना भाजी-धान्य धुतलेले पाणी पाच लिटरच्या डब्यातून घेऊन या आणि आपल्या रोपाला घाला. साबण-सोड्याचे पाणी मात्र आणू नका. घरात बाळाचा बाप्तिस्मा झाला, कोणी वारले, तर त्यांच्या आठवणीचे झाड लावण्याची पद्धत पडली, तर पुढे कोणी मेळावा घेण्याचीही गरज राहणार नाही.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय?

चर्चच्या झाडांनी माझ्या शेताला काय मिळणार, असा प्रश्न मागच्या बाकावरून आला आहे. उत्तर देतो.

कडुनिंबाखाली जून-जुलैमध्ये निंबोळ्या पडतात. त्या गोळा करून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. पाच किलो निंबोळी कुटून, रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्याने गाळून शंभर लिटर द्रावण केले, की ५ टक्के निंबोळी अर्क तयार होतो. करंज, कडुनिंब आणि बोर यांच्या फुलोऱ्यावर मधमाश्या येतात. त्या आसपासच्या सूर्यफुलाला, कांद्याच्या बियाणाला आणि डाळिंबाला उपयोगी पडतात. झाडांवर बसणारे पक्षी रानातल्या अळ्या वेचतात. आणि हे आवार म्हणजे तुमची बियाण्याची जागा आहे. येथल्या करंजाचे आणि आपट्याचे बी नेऊन तुम्ही आपल्या बांधावर लावाल. आपल्याच मुरमात ते जगते की नाही, हे येथे डोळ्यांनी पाहूनच न्याल.

आपल्याकडे देवाच्या नावाने राखलेले रान ही जुनी रीत आहे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे जंगल तुटले तरी देवराईतली झाडे उभी असल्याचे दिसून आले. हे फक्त देवळांचेच आहे असे नाही. आफ्रिकेतल्या इथिओपिया देशाच्या उत्तर भागात डोंगर उघडे पडले आहेत. पण तेथील जुन्या चर्चभोवती शतकानुशतके राखलेले स्थानिक झाडांचे वन आजही आहे. गुरे आत शिरून रोपे खाऊ लागली, तेव्हा अनेक ठिकाणी लोकांनी शेतातले दगड वेचून वनाभोवती गडगे रचले. त्यामुळे वनही राखले गेले आणि शेतही साफ झाले. आपल्या शिवारात दगडांना तोटा नाही.

आपल्या भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. त्यानंतर या जिल्ह्याने किती दुष्काळ पाहिले, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. १९७२ चा दुष्काळ तर अनेकांनी स्वतः भोगला आहे. त्या साली खडी फोडणाऱ्या माणसांनी दुपारी ज्या सावलीत भाकरी खाल्ली, ती सावली हिरवळीची नव्हती.

निर्णय कमिटीने घ्यावयाचा आहे. विद्यापीठाकडून रोपांची माहिती, खड्ड्यांची आखणी आणि छपराच्या पाण्याचा आराखडा यासाठी मदत मिळेल, असे मी सांगून ठेवतो. माझी विनंती एवढीच आहे, की आज येथून उठण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पन्हळाची लांबी मोजून लिहून घ्यावी आणि पाणी घालणाऱ्या कुटुंबांची यादी करावी. बाकीचे काम पावसानंतरचे आहे.

हे सर्व मी चर्चच्या आवाराबद्दल बोललो, कारण आपण चर्चमध्ये बसलो आहोत. पण देवळाचे आवार, दर्ग्याचे आवार, शाळेचे मैदान, ग्रामपंचायतीची जागा, सगळीकडे छप्पर तसेच आहे, पाऊस तेवढाच आहे आणि टँकरची रांगही तीच आहे. एका ठिकाणी झाडे उभी राहिली, की दुसरे ठिकाण पाहायला येते.